नौतप्यात वाळत घातलेले बाबा

माझ्या बाबांनी माझ्या मुलीच्या नामकरणाला पाऊण तास भाषण केलं, असं मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं सांगत आलो आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानासुद्धा सांगितलं. दर वेळी भाषण जरा वाढायचं. एका वर्षी तर मधे चहाची सुट्टी झाली होती. आता लिहायलाच बसलो आहे म्हणून खरं सांगतो. भाषण एक मिनिट दहा सेकंदांचं होतं.

पण त्या एक मिनिट दहा सेकंदांपलीकडे बाबांचं जगात काही बोलणं उरलेलं नाही. ते रेल्वेत होते, रुळांच्या कामावर. नागपूरकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. बोलायचे इतकं कमी की दोन शेजाऱ्यांना काही वर्षं वाटत होतं, या माणसाला आवाजच नाही. फोटो तीन, आणि तिन्हींत ते सिग्नल पडायची वाट पाहत असल्यासारखे उभे. आवाज फक्त त्या नामकरणाच्या शूटिंगमध्ये. शूटिंगची जुनी मोठी कॅसेट होती. तिला बुरशी लागायला लागली तेव्हा इथल्या तात्यापारा भागातल्या एका स्टुडिओवाल्याकडून मी तिची डीव्हीडी करून घेतली. पुढे कॅसेट बुरशीनं पुरती खाल्ली, स्टुडिओच्या जागी मोमोचं दुकान आलं, आणि बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उरली ती एक चकती.

गेल्या हिवाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नवा रायपूरच्या एका दफ्तरात कॉम्प्युटरचं काम करते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मराठी फक्त भूक लागली की. लग्न जूनच्या शेवटी, कारण आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. हॉल रिकामा तो मुहूर्त. एका रविवारी ती म्हणाली, "पापा, रिसेप्शन में बड़ी स्क्रीन पे दादाजी वाला भाषण चलाएंगे."

आणि हे तिनं फोन चालू असताना म्हटलं. पलीकडे आमचे नागपूरचे व्याही होते. ते खूश झाले. "हो हो, तुमी सांगत होते ना, पाऊण तास! मग जेवणाआधी लावाचं का मागून?"

तो पाऊण तास डोक्यावर घेऊन मी पुढचे पाच महिने हिंडलो.

त्याच दिवशी जुन्या प्लेअरमध्ये चकती घातली. मंडप दिसला, खुर्च्या दिसल्या, कुणा मावशीचा बांगड्यांचा हात वाढायला पुढे आला आणि हवेतच थिजला. मग घर्र, घर्र, घर्र. बाबा त्या हाताच्या पुढे कुठेतरी होते आणि चकती तिथपर्यंत जायला तयार नव्हती.

"पापा, पहले कंप्यूटर में कॉपी कर लो," मुलगी म्हणाली. "अभी. जो निकलता है निकाल लो, बाद में सोचते रहना."

मी म्हणालो, म्हातारी चकती म्हणजे हृदयाचा पेशंट. तिला जिना एकदाच चढवायचा. आधी नवी चकती पक्की ठरवायची, जिच्यात बाबा कायमचे राहतील, आणि मग एकदाच ऑपरेशन करायचं. हे बोलताना माझा चेहरा इतका विद्वान झाला होता की मलाच पटलं.

खरं कारण वेगळं होतं. कॉपी झाली की मुलगी ऐकणार. पाऊण तासाचं काय झालं ते तर कळलंच असतं, पण बाबा त्या सत्तर सेकंदांत काय बोलले तेही कळलं असतं. मी सगळ्यांना सांगत होतो की बाबांनी मला भरल्या मंडपात हिरा म्हटलं. हिरा हा शब्द त्या चकतीत कुठेच नाही. त्यामुळे ती चकती मरू नये म्हणून माझा जीव खालीवर होत होता, आणि ती कुणी लावू नये म्हणूनही. निवड करत बसणं हा टाळाटाळीचा सगळ्यात अभ्यासू प्रकार आहे, आणि मी त्यात डॉक्टरेट मिळवली.

तीन महिने वाचत होतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या चकतीच्या पोटात रंगाचा पातळ थर असतो आणि लेझर तोच भाजून त्यात चित्र लिहितो, हे कळलं. म्हणजे आमच्या आठवणी रंगात लिहिलेल्या, आणि रंग उन्हात उडतो हे चादर वाळत घालणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पुसून पुन्हा लिहिता येणारी चकती तर सगळ्यांत चंचल. तिच्यावर पाहुण्यांची यादीसुद्धा ठेवू नये. सोनेरी थराची चकती गंजत नाही. आणि एक जात अशी, जिच्यात रंगच नाही, दगडासारखा टणक थर असतो आणि लेझर त्याच्यात खड्डे पाडतो. शिलालेखच म्हणा. लिहायचं सावकाश, लिहून झाल्यावर अक्षर न् अक्षर तपासून घ्यायचं, उभी ठेवायची, अंधारात ठेवायची. वर कागदी स्टिकर लावायचं नाही, कारण त्याचा डिंक आक्रसतो आणि चकती फिरताना डुगडुगते. बॉलपेननं लिहायचं नाही, ओरखडा जातो.

स्टुडिओवाल्यानं बाबांच्या चकतीवर गुलाबाच्या फुलाचं गोल स्टिकर लावलं होतं, त्यावर 'नामकरण' असं लिहून. मी खोबरेल तेल लावून दोन दुपारी बसून तो गुलाब इतक्या हळुवार हातानं काढला, की खऱ्या गुलाबाचं एवढं कुणी केलं नसेल. चकती गुळगुळीत झाली. ना फूल, ना नाव. नवं नाव लिहिलं नाही, कारण हाताशी योग्य ते पेन नव्हतं. माझ्या सगळ्या वाचनातून एवढी एक अक्कल निघाली आणि तिनंच पुढे घात केला.

बायको म्हणाली, "पोरीसाठी पोट्टा पाहाले तुमी चार दिवस लावले, अन् चकत्या पाहाले तीन महिने?"

"पोट्टा बोलतो, त्याला विचारता येतं," मी म्हणालो. "चकती बोलत नाही."

"मंग बरंच हाय ना घरात एखादं न बोलणारं."

सदर बाजारात मी इतक्या खेपा मारल्या की तिथल्या गाई मला बाजूला होऊन वाट द्यायला लागल्या. कॉम्प्युटरची दुकानं सगळी पाहिली. चकत्या मागितल्या की लोक असं बघायचे जणू मी बैलगाडीची स्टेपनी मागतोय. शेवटी सोनारांच्या रांगेमागे एक दुकान सापडलं. दुकानदार चाळिशीचा. त्यानं माळ्यावरून धुळीचं खोकं काढलं आणि फुंकर मारली. पुढचं अर्धं मिनिट आम्ही एकमेकांना दिसलो नाही.

"अंकल, ये अब कौन लेता है? सब मोबाइल में रखते हैं."

"मोबाइल पानी में गिरता है, भैया."

"हव, ये बात तो है." त्यानं एक काढली. "ये लो. सौ साल चलेगी."

"सौ साल बाद खराब निकली तो?"

"मेरे पोते के पास ले आना."

"लाएगा कौन?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप ही आओगे अंकल. आप छोड़ने वालों में से नहीं हो."

मी चकत्या उलट्या करकरून पोटाचा रंग पाहिला. जांभळी, निळसर, हिरवट. उजेडासमोर धरल्या. एक तर त्याच्या देखत हुंगली. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी ते पाहून आपापल्या वस्तूही हुंगल्या. अखेर सहा प्रकार घेतले: खोक्यातली सुटी जांभळी, कंपनीची निळी, वर छापता येणारी पांढरी, पुसून लिहायची, सोनेरी, आणि त्यानं खास बाहेरून मागवून दिलेली दगडी. दगडीसाठी वेगळा ड्राइव्हसुद्धा लागला.

आता सहांतली एक घेऊन घरी बसणं हे सामान्य माणसाचं काम झालं. मी सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये काढली आहेत. आमच्याकडे माल कुणाचा हे तपासणाऱ्याला कधी सांगत नसत. नमुन्यावर नाव नाही, फक्त आकडा. नाव दिसलं की डोळा पक्षपात करतो. आणि नमुना चांगला की वाईट हे त्याला भट्टीत घातल्याशिवाय कळत नाही. मी ठरवलं, सहा चकत्यांना भट्टी दाखवायची.

भट्टी रायपुरात फुकट मिळते. तिला नौतपा म्हणतात. मे महिन्याच्या शेवटाचे ते नऊ दिवस, जेव्हा सूर्य खाली उतरून आमच्या कॉलनीत भाड्यानं राहतो. गच्चीवरच्या टाकीत चहापत्ती टाकली तर नळाला चहा येतो. सरडे पाय आळीपाळीनं उचलून उभे राहतात. मागच्या नौतप्यात समोरच्या घरचं थर्मामीटर वितळून भिंतीवरून ओघळलं. डाग अजून आहे, कुणाला पाहायचा असेल तर दाखवतो.

सहाही चकत्यांवर मी एकच चित्र लिहिलं: मुलीचा चौथीतला गॅदरिंगचा डान्स, ज्यात ती ससा झाली होती. लिहिताना पंखा बंद, बायकोचा मिक्सर बंद, घरात चालणं बंद. तपासून घेतल्या. मधल्या भोकाजवळ जी बिनकामाची पारदर्शक कडा असते तिथे बारीक आकडा घातला, एक ते सहा, योग्य त्या पेननं, जे तोवर आलं होतं. नौतप्याच्या पहिल्या सकाळी गच्चीवरच्या तारेला सुतळीनं टांगल्या. वहीत तक्ता आखला. रोज संध्याकाळी खाली आणायच्या, ससा बघायचा, सकाळी परत वर.

आता त्याच गच्चीवर, त्याच उन्हात, बायकोचाही वार्षिक कारखाना चालतो: गव्हाच्या कुरडया, तांदळाच्या पापड्या, आणि शेजारच्या दीदीकडून शिकलेली इथली उडीद-तिळाची बिजौरी. पहिल्या दिवशी ती पातेलं घेऊन वर आली आणि थबकली.

"हे काय करून राहिले तुमी? माह्या पापड्यायवर काय टांगलं हे?"

"परीक्षा चालू आहे."

"कोणाची?"

"सशाची."

तिनं पुढे विचारलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली की बाई काय विचारू नये ते शिकते. पण संध्याकाळी तिचाच चेहरा खुलला होता. "काही म्हणा, कबुतरं नाही आले आज. चमकते ना, तर भेतात."

मुलीनं तक्ता पाहिला. "पापा, ये मेरा डान्स है! आप मुझे धूप में सुखा रहे हो?"

"प्रगतीसाठी," मी म्हणालो.

"और दादाजी? उनका कॉपी हुआ?"

"नवव्या दिवशी. निकाल लागला की लगेच."

"आप डर किस बात से रहे हो?" ती म्हणाली. मी वहीत काहीतरी लिहायला लागलो.

निकाल भराभर यायला लागले. पुसून लिहायची दुसऱ्याच दिवशी गेली. जांभळीचं पोट चौथ्या दिवशी धुवून धुवून फिकट झालेल्या ओढणीसारखं दिसत होतं, आणि सशाला कान उरले नव्हते. पांढरीही त्याच वाटेला. निळीतला ससा उडी मारून हवेतच थांबायचा, विचार करायचा, मग खाली यायचा. वर सिलतऱ्याकडून येणारी काळी धूळ अशी बसायची की सकाळी पुसलेल्या चकतीवर संध्याकाळी बोटानं सही करता यावी. सोनेरी आणि दगडी मात्र ढिम्म.

चौथ्याच दिवशी जांभळीचं उतरलेलं पोट पाहून मला बाबांच्या चकतीची काळजी वाटली. स्टुडिओवाल्यानं तेव्हा कोणत्या जातीची वापरली होती? कपाटातून काढली, पाकिटातून काढली, टेबलावर मऊ कापडावर उलटी ठेवली आणि रंग ताडून पाहू लागलो. तेवढ्यात फोन वाजला. व्याही.

"हॉलवाल्याले वेळ सांगाचा आहे. भाषण नक्की किती मिनिटाचं पकडू?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो, येरझाऱ्या घातल्या, आणि म्हणालो, "पाऊण तास म्हणजे तसं अडतीस-चाळीस मिनिटं धरा, मधे टाळ्या फार आहेत." टाळ्यांचं वर्णन करता करता वीस मिनिटं गेली. परत आलो तेव्हा अंगाला घाम, डोक्यात टाळ्या, आणि टेबल माझ्या लक्षातच नाही. टेबलावर चकती नव्हती हेही नाही.

पुढचे तीन दिवस मी कुत्र्यासारखा अस्वस्थ होतो आणि मला वाटलं, हे उन्हानं होतंय.

सातव्या दिवशी संध्याकाळी नमुने उतरवायला वर गेलो. ऊन कलतं होतं, तारेवरच्या चकत्या फिरत होत्या, भिंतीभर उजेडाचे गोळे पळत होते. तीन दिवस मी न मोजताच माझ्या टोकाच्या सहा काढून नेल्या होत्या; आज तारेच्या पार त्या टोकापर्यंत मोजल्या. सात.

परत मोजल्या. सात. सत्तावीस वर्षांत नमुना कमी भरलेला मी पाहिला होता, जास्त भरलेला कधी नाही. एकेक धरून कडेवरचा आकडा पाहिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवीवर काही नव्हतं. वर काळी धूळ, एका बाजूला कुरडईच्या चिकाचा वाळलेला थेंब, आणि अंगठा फिरवला तर खाली अजून खोबरेलाचा गुळगुळीतपणा.

मी ओरडलो. कॉलनी म्हणते की कुणी ओरडलंच नाही, पण ते ऐकत नव्हते. बायको धावत वर आली.

"ही कोणी टांगली?"

"मीनं. काहून?"

"कुठून आणली?"

"टेबलावर बेवारस पडून होती. नाव ना गाव. वरतून खरवडलेली, तेलकट. तुमच्या बाकीच्यायवर तं आकडे होते, इच्यावर कायीच नाही. मले वाटलं बेकार झाली म्हून ठेवली बाजूले. त्या कोपऱ्यात कबुतरं येऊन राहिले होते..." ती माझ्याकडे बघता बघता बसलीच, कुरडयांच्या चादरीवर. "थे बाबायची होती?"

"कधी टांगली?"

"तुमी फोनवर टाळ्या सांगत होते ना, तवा."

तीन दिवस. नौतप्याचे तीन दिवस बाबा कबुतरं हाकत होते. रेल्वेत त्यांनी अख्खी नोकरी उन्हात काढली होती. रिटायर झाल्यावर ते एकदाच काहीतरी मागायच्या सुरात बोलले होते: खाट सावलीत टाक.

मी चकती दोन्ही तळव्यांत धरून खाली आणली. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं, त्यात हळूहळू धुतली. पुसताना गोल गोल नाही पुसायची. मधून कडेकडे, सरळ, एकेक रेघ. बायकोनं माझं मनगट धरलं आणि मी पुसलं. तिनं त्या दिवशी आणि नंतरही एकदासुद्धा म्हटलं नाही की नाव तुम्ही काढलं होतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी दफ्तरातून आली. ओल्या रुमालावर चकती, दोन्ही बाजूंना आई-बाप. तिला सांगावं लागलं.

"आपने कॉपी नहीं किया था न?"

"नाही."

"पाँच महीने में?"

"नाही."

"क्यों, पापा?"

मी चकतीखालच्या रुमालाची टोकं सरळ करायला लागलो. हातपाय न धुता तिनं लॅपटॉप काढला, ड्राइव्ह जोडला, आणि एक असा प्रोग्रॅम लावला जो चकती कण कण करून वाचतो. वाचलं गेलं की हिरवा चौकोन, नाही गेलं की लाल, आणि लालकडे तो पुन्हा पुन्हा परत जातो. सुरुवातीला हिरवे आले, मग एक लांबच लांब लाल पट्टा.

"कितना टाइम लगेगा?" मीही घाबरून हिंदीत गेलो.

"जितना लगे."

दोन दिवस लागले. मुलीच्याच खोलीत एसी आहे, म्हणून ड्राइव्ह तिथे ठेवला आणि आम्हीही तिथेच. ड्राइव्ह कधी गुरगुरायचा, कधी गप्प व्हायचा. गप्प झाला की मी उठायचो. हॉल, स्वयंपाकघर, व्हरांडा, परत खोली. बायकोनं माझ्या फेऱ्या मोजायला सुरुवात केली आणि दोनशेनंतर सोडून दिली. मी मनातल्या मनात तो आवाज म्हणून पाहायला लागलो, म्हणजे चकती गेली तरी माझ्याकडे राहील. आणि तेव्हा लक्षात आलं की मला तो आठवतच नाही. शब्द आठवत होते, आवाज नाही. इतकी वर्षं बाबांचं भाषण मी माझ्या आवाजात केलं होतं, आणि माझ्याच आवाजानं त्यांच्या आवाजाची जागा बळकावली होती. ते कळल्यावर भाषण किती मिनिटांचं आणि त्यात हिरा आहे की नाही, याचं मला काही वाटेनासं झालं. एवढंच वाटत होतं की लाल चौकोनांनी ते सत्तर सेकंद सोडावेत. बाकी सगळं न्यावं. मंडप न्या, मावश्या न्या, मी त्यात सफारी सूट घालून फिरतोय तोही न्या.

नौतप्याच्या नवव्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "हो गया. आधा भी नहीं निकला. देखो, क्या क्या है."

तिघं पलंगाच्या कडेला बसलो. मंडप गेला होता. जेवणाची पंगत गेली होती. बुद्धवंदना चालू असलेली दोन वाक्यं आली आणि तुटली. निळा पडदा. मग अचानक कॅमेरावाल्याचा आवाज, ठणठणीत: "दादाजी, माइक में दो शब्द बोलिए न!"

आणि बाबा. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते, पांढरा शर्ट हिरवा पडला होता, चित्र अडकत अडकत चाललं होतं. पण आवाज सरळ आला. मला वाटत होतं त्यापेक्षा पातळ, जरा खरखरीत, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा.

"काय बोलू? मले नाही येत बोलाले." मग बराच वेळ काही नाही. मग ते खाली वाकले, बाळाकडे. "हे पाय पोरी. तुया बाप लय फेकते. लहानपणापासून फेकते. तू काय करजो, अर्धं सोडून देजो. उरलं अर्धं खरं रायते त्याचं." बाळाचं दुपटं सारखं केलं. "त्याले थे खरं दाखोता येत नाही म्हून थो बाकीचं वरतून जोडते. बस. बंद कर बाबू, पोरीच्या डोयात लाइट जाऊन राहिला."

निळा पडदा.

मी खिडकीकडे पाहत होतो. मुलगी हसेल असं वाटलं. ती हसली, पण मग तिनं परत लावलं. आणि परत. चौथ्यांदा ती बाबांच्या बरोबरीनं म्हणाली, "अर्धं सोडून देजो," अगदी त्यांच्याच हेलात, आणि तिला भूक लागलेली नव्हती.

"पाऊण तास?" ती माझ्याकडे वळली.

"एक मिनिट दहा सेकंद," मी म्हणालो.

"और हिरा?"

"हिरा मी जोडला."

बायको डोळे पुसत होती, पण तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. माझ्या मनात शंका आली. "तुला माहीत होतं?"

"माहीत नाही रायते? पोरगी माह्याच मांडीवर होती ना तवा. बाबा माह्याच पुढं वाकले होते."

"मग एवढी वर्षं मी पंगतीत सांगायचो, तू शेजारी बसून ऐकायची, कधी बोलली काहून नाही?" माझी पुस्तकी मराठी पार गळून पडली होती.

"मामंजीनं सांगतलं होतं ना काय करायचं थे," ती म्हणाली. "अर्धं सोडून देत होती."

त्याच दिवशी बाबांना दोन चकत्यांत उतरवलं, एक दगडी आणि एक सोनेरी. कॉम्प्युटरमध्ये आणि मुलीच्या फोनमध्येही. माझ्या परीक्षेचा निकाल एका ओळीत लिहायचा तर असा: उन्हात दगडी जिंकली, पण आधी कॉपी करा. दगडी बायकोच्या कपाटात, साड्यांच्या मागे, उभी. सोनेरी मुलगी सासरी नेणार. नागपूरचं ऊन काही कमी नाही; तिथल्या कपाटाची दिशा मी विचारून घेतली आहे.

मुलीनं पेन माझ्या हातात दिलं. "नाम लिखो. अभी. मेरे सामने."

मधल्या पारदर्शक कडेवर जागा इतकी थोडी असते की तिथे खोटं लिहायला वावच नाही. मी लिहिलं: बाबा, १ मि. १० से.

मग व्याह्यांना फोन लावला. हॉलवाल्याला चाळीस मिनिटं सांगून झाली असतील, ती रद्द करायची होती. येरझाऱ्या घातल्या नाहीत. खुर्चीवर बसून बोललो. म्हणालो, भाषणाची वेळ जरा चुकली होती सांगताना. नक्की वेळ एक मिनिट दहा सेकंद.

व्याही भला माणूस. पाच महिन्यांत त्यांनी मला चांगलं ओळखलं असावं.

"बरं बरं," ते म्हणाले. "म्हणजे मी पस्तीस सेकंद धरतो."

"घड्याळ घेऊन या," मी म्हणालो. "आणि पुढच्या रांगेत बसा."